बेचाळीस फोटोंना एक गाणं

बेचाळीस फोटो जमवायला मला अकरा दिवस लागले आणि त्यांच्यामागं वाजवायला एक गाणं शोधायला दोन महिने. त्या दोन महिन्यांत माझे वडील एकदा वारले, आत्या भोकरदनहून गळा काढत आली, आणि कचेरीत माझ्या नावापुढं जे काही बोललं जातं त्यात एका वाक्याची भर पडली. वडील ठणठणीत आहेत. आत्याही आहे. ते वाक्य मात्र मी सांगणार नाही.

साल दोन हजार पाच. वैशाखात दादांच्या आणि बाईच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दादा म्हणजे माझे वडील काकासाहेब, आणि बाई म्हणजे माझी आई सगुणाबाई. आमच्याकडं आईला बाई म्हणतात. गावचं घर आणि शेती धाकट्या भावाच्या हवाली करून दोघं परतूरला माझ्याकडं राहायला आली, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी इथं एका सरकारी कचेरीत वरिष्ठ सहायक आहे. नुसते हार, नारळ आणि बुंदी एवढ्यावर न भागवता पडद्यावर दोघांचे फोटो दाखवायचे, ही कल्पना माझी. जालन्याला एका डॉक्टरांच्या घरच्या कार्यात मी ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

फोटो मी ट्रंकेतून, नातेवाइकांच्या अल्बममधून मिळवले आणि एक तर भाच्याच्या लग्नाच्या फोटोतून कापून काढला. एकात दादा जत्रेतल्या रंगवलेल्या मोटारीत बसले होते आणि त्यांचा एक पाय मोटारीच्या खालून बाहेर आला होता. लग्नाचा एकही फोटो नव्हता. बेचाळीसपैकी अकरांत बाई कॅमेऱ्याकडं सोडून भलतीकडंच बघत होती. का, ते विचारल्यावर ती म्हणाली की तिकडं दूध उतू जात असेल. अकरा वेळा.

हे सगळं घेऊन मी बसस्टँडसमोरच्या साहेबरावकडं गेलो. साहेबरावचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यानं त्यात नुकताच कॉम्प्युटर आणला होता. तो फोटो पुस्तकाच्या पानासारखा उलटवायचा, बदामाच्या आकारात फाडायचा, आणि एकदा तर त्यानं दादांना गोल फिरवत फिरवत दिसेनासं केलं. काम पसंत पडलं. निघताना त्यानं विचारलं की मागं म्युझिक कोणतं टाकू. मी घाईत होतो. म्हणालो, टाका एखादं चांगलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात या तीन शब्दांत आहे.

पण त्याआधी पडदा आणि प्रोजेक्टर.

प्रोजेक्टर आमच्या कचेरीत होता. जनजागृतीसाठी आलेला, एकदाही न वापरलेला. तो ज्या कपाटात होता त्याची चावी माझ्या खिशात होती. दुसरा कोणी असता तर रविवारी उचलून घेऊन गेला असता आणि सोमवारी आणून ठेवला असता. मी तसा माणूस नाही, आणि नसल्याचा मला अभिमान होता. मी रीतसर अर्ज केला. अर्ज साहेबांच्या नावे, योग्य मार्गाने. आणि योग्य मार्ग म्हणजे माझंच टेबल. त्यामुळं अर्ज माझ्याकडंच आला. वाचून पाहिला तर प्रयोजन नीट स्पष्ट केलेलं नव्हतं. मी तशी टिपणी लिहून तो अर्जदाराकडं परत पाठवला. अर्जदारानं, म्हणजे मी, चार दिवसांनी खुलासा केला, कारण मधे मला मार्च अखेरीची कामं होती. खुलासा समाधानकारक वाटला नाही, तरी वय आणि सेवा लक्षात घेऊन मी तो पुढं ठेवला.

साहेब नवीन होते, तरुण होते आणि मनापासून काम करणारे होते. असा अधिकारी कचेरीला सगळ्यात जड जातो. ते म्हणाले की खाजगी कामाला यंत्र देता येत नाही, मात्र कार्यक्रमात जनजागृती होणार असेल तर हरकत नाही. वरून व्यसनमुक्तीची बारा चित्रं आलेली होती आणि ती बघायला माणसं मिळत नव्हती. तुमच्याकडं दीडशे माणसं आयती बसलेली असतील, तेव्हा आधी दहा मिनिटं व्यसनमुक्ती, मी स्वतः येऊन बोलतो, मग तुमचे फोटो. साहेब घरच्या कार्याला येणार म्हणून मी त्या दिवशी दोन इंच उंच झालो होतो.

आठवड्याभरात साहेबरावनं सीडी दिली. दुपारची वेळ, उन्हाळा, दारं-खिडक्या उघड्या. दादा दाढी करायला बाजारात गेले होते, बाई देवळात. मी टीव्हीवर सीडी लावली आणि बायकोला, बेबीनंदाला, आतून ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बासरी सुरू झाली. गोड होती, संथ होती, आणि कुठंतरी ऐकल्यासारखी होती. पडद्यावर दादांचा चेहरा हळूहळू जवळ आला. भोवती साहेबरावनं शेवंतीच्या फुलांची चौकट घातली होती. बेबीनंदा हात पुसत बाहेर आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, हे तर केबलवालं हाय.”

आमच्या गावच्या केबलवर रोज संध्याकाळी जे श्रद्धांजलीचे फोटो दाखवतात, त्यामागं हीच बासरी वाजत असे. साहेबरावच ते फोटो तयार करायचा. त्याच्याकडं तीनच चाली होत्या: वाढदिवस, लग्न आणि ही. पहिल्या दोन त्याला पोरकट वाटल्या होत्या.

मी बंद करायला उठलो तोवर शेजारच्या साळूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बासरी ऐकली होती, पडद्यावरचा चेहरा आणि फुलं पाहिली होती. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या उलट पावली गेल्या. त्यांचे यजमान इंद्रभान गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. कोणतीही बातमी ते अपुरी ठेवत नाहीत. पाऊण तासात आमच्या ओट्यावर सोळा माणसं बसली होती. मी एकेकाला सांगत होतो की काही झालेलं नाही, आणि दुःखानं माणूस कसं बोलतो ते बघून लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

एवढ्यात दादा आले. गुळगुळीत दाढी, डोक्यावर नवी टोपी. ओट्यावरची माणसं बघून त्यांनी चपला हळूच काढल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एका कडेला मान खाली घालून बसले. थोड्या वेळानं शेजारच्याला हलक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

तो दादांकडं बघत बघत मागं सरकला आणि ओट्यावरून खाली पडला. लागलं नाही फार.

ओटा रिकामा व्हायला वेळ लागला नाही, पण गुरुजींनी तोवर भोकरदनला आत्याकडं फोन केलेला होता. आसराआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. ती मिळेल त्या गाडीनं जालन्याला आणि जालन्याहून परतूरला आली. गल्लीच्या कोपऱ्यावरूनच तिनं रडणं सुरू केलं होतं. ओट्यावर दादा टरबूज खात बसले होते. आत्याला एकदम थांबता येईना, कारण तीन तासांच्या वाटेत तिनं ते पुष्कळ साठवलेलं होतं. शेवटी ती दादांच्या पाठीत एक धपाटा घालून खाली बसली आणि टरबूज खाऊ लागली. पिशवीत तिनं चार लुगडी आणली होती. आता तेराव्याऐवजी पन्नासाव्यालाच जाईन, असं तिनं जाहीर केलं आणि ती तीन आठवडे राहिली.

दादांनी मला बोलावून एवढंच सांगितलं की बासरी बिलकुल नको.

मग घरात समिती बसली. मी बसवली नव्हती, ती बसली. गुरुजींचं म्हणणं होतं की देशभक्तिपर गीत घालावं, कारण त्यावर कोणाला आक्षेप घेता येत नाही. बेबीनंदाला सिनेमातलं एक प्रेमाचं गाणं हवं होतं. त्यावर दादा म्हणाले की ते वाजलं तर मी तोंड कुठं लपवू. आत्याला भजन हवं होतं, तेही ती स्वतः म्हणणार होती. साळूबाई म्हणाल्या की गाणं काहीही घाला, पण सुरुवातीला मोठ्यांदा सांगा की माणूस जिवंत आहे. मी सगळ्यांचं टिपून घेत होतो. ती सवय नोकरीची.

बाई एका कडेला गहू निवडत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं, हे मला आता लिहिताना लक्षात येतंय. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, “आमच्या वरातीला जे वाजलं व्हतं, ते लावा.”

कल्पना इतकी चांगली होती की ती आपल्याला सुचली नाही याचा मला थोडा राग आला. दादांच्या वरातीचा बँड आमच्या घराण्यात प्रसिद्ध होता. खास जालन्याहून आणलेला, लाल कोटवाला बँड. माझ्या लहानपणी त्यात बारा माणसं असायची. माझ्या लग्नात दादांनी व्याह्यांना तो सांगितला तेव्हा ती अठरा झाली होती आणि माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत बावीस. एकाच्या हातातलं वाद्य तर माणसाएवढं उंच होतं.

“ते कामून?” दादा घाईघाईनं म्हणाले. “जुनं झालं ते. कोणाच्या ध्यानात हाय आता?”

“माझ्या हाय,” बाई म्हणाली आणि तिनं गहू निवडता निवडता ते गुणगुणून दाखवलं. उड्या मारत जाणारी चाल होती, मधेच थांबायची आणि पुन्हा पळायची. दादा उठले, टोपी घातली आणि बाजारात निघून गेले. दाढी तर त्यांनी त्याच सकाळी केली होती.

बाईनं पन्नास वर्षांत माझ्या माहितीत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. म्हणून मी ते काम अंगावर घेतलं. तिचं गुणगुणणं साहेबरावच्या टेपवर भरून घेतलं आणि परतूरच्या बँडमधल्या रखमाजीकडं गेलो. रखमाजी क्लॅरिनेट वाजवायचा. चाळीस वर्षांत या भागात अशी वरात नसेल ज्यात त्यानं फुंकलं नाही. त्यानं टेप दोनदा ऐकली, वाजवून पाहिलं आणि डोकं हलवलं.

“हे बँडाचं न्हाई, साहेब. हे बघा, इथं जागा सोडलेली हाय. इथं कोणीतरी बोलून राह्यलंय.”

वरातीच्या बँडमध्ये कोण बोलणार, हे मला कळेना. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि वडीगोद्रीला गेलो. बाईचं माहेर तिथून जवळच. तिचा भाऊ, म्हणजे भुजंगमामा, आता दिवसभर हमरस्त्यावरच्या मुलाच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी बसून असायचा. लग्नाच्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. मी टेप लावली. मामानं डोळे मिटले, मग एक उघडला, आणि मग तो असा हसत सुटला की भज्याच्या कढईजवळचा आचारी बघायला आला.

“भाचे, तुला बँड कोणी सांगितला? दाजीनं?”

मग त्यानं जे सांगितलं ते असं. जालन्याचा बँड ठरलेला होता हे खरं, पण तो आलाच नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघायची वेळ झाली, आणि वाजवायला गावात एक हलगी नव्हती. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. त्याच दुपारी नदीच्या वाळूत एक जीप रुतली होती. बिडीवाल्या कंपनीची जीप. त्या काळी ती बाजारच्या दिवशी गावोगाव फिरायची, वर कर्णा, आत किल्लीचा बाजा आणि एकच तबकडी. दादा बाशिंग बांधलेले तसे नदीवर गेले आणि जीपवाल्याला म्हणाले की बैल लावून बाहेर काढतो, पण मग वरातीच्या पुढं वाजवत चल. तो कबूल झाला. गावातून वरात निघाली ती त्या एका तबकडीवर. मामानं ओळी म्हणूनही दाखवल्या. दखनी होत्या:

“थक गये हो यार, जरा दम तो लो,
गुलछडी सुलगाओ भाई, गुलछडी सुलगाओ.”

आणि सोडलेल्या जागेत कर्ण्यातून एक माणूस बिडीचे गुण सांगायचा. खोकला येत नाही, दात काळे होत नाहीत वगैरे.

“शिवंपातूर मी संगं गेल्तो,” मामा डोळे पुसत म्हणाला. “पुढचं काय ठाऊक न्हाई.”

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून हिशेब जुळवत होतो. आधी साहेबांचं व्यसनमुक्तीवर भाषण. फुफ्फुसांची बारा चित्रं. सरकारी प्रोजेक्टर, माझ्या सहीनं बाहेर काढलेला. आणि त्याच्यावर, दीडशे माणसांपुढं, गुलछडी बिडी.

घरी आलो तर बाई परसात पापड वाळत घालत होती. मी तिला हळूच विचारलं की तुला माहीत होतं का. ती म्हणाली की मला दिसत नव्हतं का तेव्हा, का ऐकू येत नव्हतं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? त्यावर तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो.

“त्यांना बँड पाह्यजे व्हता, मी हो म्हणलं. दर लग्नात हो म्हणलं. बारा म्हणले तवाबी आन् बावीस म्हणले तवाबी. आता एक दिस माझ्या गाण्याला हो म्हणायचं.”

दादांना सांगायला मी ओट्यावर गेलो. त्यांनी मला पूर्ण बोलूच दिलं नाही. ते वाजलं तर मी अक्कासंगं भोकरदनला निघून जाईन, असं म्हणाले. आतून बाईनं निरोप पाठवला की ते वाजणार नसेल तर मी खुर्चीवर बसणार नाही. सत्कार ह्यांचा एकट्याचाच करा. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. दोघं एकाच ताटातलं लोणचं खात, पण एकमेकांशी आत्यामार्फत बोलू लागली, आणि आत्या दर निरोपात आपलं भजन घालू लागली.

अशा वेळी शासकीय अनुभव कामी येतो. मी तोडगा काढला. चाल तीच, शब्द नाहीत. रखमाजीनं ती क्लॅरिनेटवर वाजवायची, मधल्या जागेत साधी ढोलकी. ऐकणाऱ्याला वाटेल एखादी जुनी लोकधून. बाईला तिचं गाणं मिळेल, दादांचा बँड शाबूत राहील आणि साहेबांना कधी कळणार नाही. बाई थोडा विचार करून बरं म्हणाली. दादांनी संध्याकाळी सदरा इस्त्रीला दिला. साहेबरावच्या स्टुडिओत, पंखा बंद करून, रखमाजीनं घामाघूम होत ती चाल वाजवली. बेचाळीस फोटोंवर ती अशी बसली की साहेबरावनं बदाम काढून टाकले. मी त्या दोन दिवसांत स्वतःवर फार खूश होतो.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला, मंगल कार्यालयात. पडद्यावर दिसावं म्हणून खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. वैशाखातलं ऊन आणि ताडपत्र्या, आत माणसं शिजत होती. पुढच्या दोन रांगांत दोन्ही गावांची म्हातारी माणसं बसली होती, एका बाजूला बाईचं माहेर, दुसऱ्या बाजूला आमचं गाव. मधे खुर्च्यांवर दादा आणि बाई. मी साहेबांशेजारी.

साहेब छान बोलले. तंबाखूनं माणसाचं काय होतं ते त्यांनी बारा चित्रांनी दाखवलं. सहाव्या चित्राला मागच्या रांगेतून एक-दोन माणसं बाहेर जाऊन ओढून आली. टाळ्या झाल्या. मग अंधार, आणि रखमाजीची क्लॅरिनेट.

पहिल्या दहा फोटोंना सगळं माझ्या मनासारखं झालं. लोक बघत होते, बोटं दाखवत होते, मोटारीखालच्या पायाला हसत होते. अकराव्या फोटोला माहेरच्या बाजूच्या सोनूबाई, बाईची चुलत बहीण, मान डोलावू लागल्या. बाराव्याला त्या गुणगुणायला लागल्या. तेव्हा मला एकाएकी समजलं की ती जीप एकाच गावात नाही, तर पाच-सहा वर्षं दर बाजारी सगळ्या मुलखात फिरली होती, आणि तेव्हा जे लहान होते ते सगळे आज माझ्या पुढच्या दोन रांगांत होते.

पंधराव्या फोटोला शब्द आले. आधी सोनूबाई, मग भुजंगमामा, मग दोन्ही बाजू. टोप्या आणि पदर एकदम हलत होते. “थक गये हो यार, जरा दम तो लो.”

साहेब माझ्याकडं झुकले आणि भजन आहे का म्हणून विचारलं. मी म्हणालो की पारंपरिक आहे. त्यांनी मान हलवली आणि हातानं ताल धरला. ती एक ओळ ते ताल धरून होते. पुढच्या ओळीत बिडीचं नाव आलं आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

आता कडव्यात भांडण लागलं. माहेरची मंडळी म्हणत होती, “भाई रूठे, बीवी रूठे, गुलछडी सुलगाओ.” आमच्या गावची म्हणत होती, “बाप रूठे, बीवी रूठे.” दोन्हीकडून आवाज चढले. कोणीतरी मधल्या जागेत बिडीचे गुणही सांगू लागलं.

दादा उठून उभे राहिले. त्यांनी हात वर केला. साहेबरावनं घाबरून सगळं थांबवलं. पडद्यावर बाई दुधाकडं बघतानाचा एक फोटो अडकून राहिला. आत्यानं पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, आता हे सरळ भोकरदनच्या गाडीला जातील.

“चुकीचं म्हणून राह्यले तुम्ही,” दादा म्हणाले. “भाईबी न्हाई आन् बापबी न्हाई. बैल हाय ते. बैल रूठे, बीवी रूठे.”

मामानं खालूनच विचारलं की दाजी, तुम्हाला एवढं बराबर कसं माहीत. दादा समोरच्या दोन रांगांकडं बघत म्हणाले:

“शिवंच्या पुढं गेलो तं जीपवाल्याचा हात दुखायला लागला. मंग किल्ली मीच दिली. चार कोस. जीप बैलगाडीच्या बराबर हळूहळू, आन् मी जीपच्या बाजूनं चालत. बँड आल्ता न्हाई.”

कोणी हसलं नाही. मला आठवतंय, मी बाईकडं पाहिलं. बैलगाडीत बसलेली ती सोळा वर्षांची मुलगी, आणि चार कोस उन्हातून बाशिंग सावरत बाज्याची किल्ली फिरवणारा तो माणूस. त्याला तिनं पदराआडून पाहिलं होतं आणि पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मी बेचाळीस फोटो गोळा केले होते. त्यात हा नव्हता.

बाई खुर्चीवरून दादांकडं वळली. “दुसरं कडवं म्हणा,” ती म्हणाली.

दादांनी घसा साफ केला. साहेबांकडं एकदा पाहिलं, टोपी सारखी केली आणि सुरू केलं. दोन ओळी नीट झाल्या. तिसरीला ते अडले, पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले. साहेबरावनं मदत म्हणून क्लॅरिनेट चालू केली, त्यानं ते जास्तच गोंधळले.

तेव्हा आमची बाई, जी देवळातसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणायची, ती खुर्चीचा हात धरून उठली आणि तिनं तिसरी ओळ स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हटली. चौथीही म्हटली. पाचवीला दादा तिच्यात मिसळले, आणि दोघांनी एकमेकांकडं बघत गुलछडी बिडीचं सगळं गाणं, मधल्या जागेतल्या दातांच्या आणि खोकल्याच्या हमीसकट, पूर्ण करून दाखवलं. पडद्यावर माझे उरलेले फोटो एकामागून एक उलटून गेले. तिकडं कोणीही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.